चिकोंदीचा वाढीव हंगाम

चिकोंदी पहिल्यांदा आमच्या दारात आली ती वरची खोली भाड्यानं मिळेल का, हे विचारायला. पण तिथपर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. आधी तिनं मी कशी आहे ते विचारलं. मी बरी आहे म्हटल्यावर घरातले कसे आहेत, विचारलं. मग रात्री झोप नीट लागली का, तेही विचारलं. माझी शाळेत शिकवायला जायची वेळ झालेली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात कुलूप. मी भराभर उत्तरं देत होते आणि ती प्रत्येक उत्तर पुरतं ऐकून घेऊन सावकाश मान हलवत होती. शेवटी मीच म्हटलं, "तुला काय हवंय?"

"सांगते," ती इंग्रजीत म्हणाली. "पण मॅडम, मी कशी आहे ते तुम्ही विचारलंच नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्याकडून काहीतरी खाली पडलं होतं आणि ते ती उचलून हातात देत होती, असा सूर होता. मी कुलूप खाली ठेवलं आणि विचारलं. त्या दिवशी शाळेत मला उशीर झाला आणि आमची वरची खोली भाड्यानं गेली.

ती आफ्रिकेतल्या मलावी देशाची. नाशिकच्या एका कॉलेजात अन्नप्रक्रियेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आली होती. दोन वर्षांचा अभ्यास, दोन वर्षांचा व्हिसा. सुरुवातीचे काही महिने हॉस्टेलवर काढले, पण तिथं स्वतःचं रांधायची सोय नव्हती. वय तिशीच्या आतबाहेर. गावाकडे आई आणि चार वर्षांचा मुलगा, यामिकानी. मुलाच्या वडिलांबद्दल ती बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नाही.

परदेशी माणूस घरात ठेवायचा तर पोलिसांकडे ऑनलाइन कळवावं लागतं. माझ्या नवऱ्यानं ते काम इतक्या धास्तीनं केलं की चिकोंदीच त्याला धीर देत होती. "काका, आता पुढचं बटण. हां, तेच." ती त्याला पहिल्या दिवसापासून काका म्हणायची आणि मला मॅडम. माझी 'मॅडम'वरून 'ताई' व्हायला जवळजवळ वर्ष लागलं, आणि ते निफाडमुळे झालं. त्याबद्दल पुढे येईलच.

चिकोंदी म्हणजे त्यांच्या भाषेत माया. पण मखमलाबाद रोडवर एवढं कोण विचारतंय. कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं तिला दुसऱ्याच दिवशी 'चिकूताई' केलं. त्या भाजीवालीकडे तिचा अर्धा तास जाई, कारण तिची सून, नातू, गुडघा, सगळ्यांची चौकशी झाल्याशिवाय मिरचीला हात लावायचा नाही, असा तिचा रिवाज. मोठ्या माणसाकडून काही घ्यायचं तर दोन्ही हात पुढे करून, गुडघ्यात किंचित वाकून घ्यायची. दूधवाल्याकडून पिशवी घेतानाही तसंच. तो बिचारा आधी संकोचायचा. पुढे पुढे तोही पिशवी दोन्ही हातांनी द्यायला लागला.

त्यांच्याकडे रोजचं जेवण म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. पेठ तालुक्यातून येणाऱ्या एका बाईनं तिला पांढरा मका आणून दिला, तो गिरणीत दळून घेताना तिनं गिरणीवाल्याला जात्याच्या दगडांमधलं अंतर बदलायला लावलं. बोलताना र आणि ल एकमेकांच्या घरी राहायला जायचे, त्यामुळे 'भाकरी'ची 'भाकली' व्हायची, पण उकडीपुढे भाकरीचं तिला फारसं कौतुकही नव्हतं.

एकदा दुपारी मी मेथीच्या भाजीत दाण्याचं कूट घालत होते. ती काहीतरी विचारायला खाली आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आईनं. का गं?"

"माझ्या आईनंही," ती म्हणाली, आणि ओट्याजवळ येऊन बोटानं चिमूटभर कूट उचलून तोंडात टाकलं. मलावीत पालेभाजीत शेंगदाणे कुटून घालतात हे मला तेव्हा कळलं. पुढच्या रविवारी तिनं लाल भोपळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी केली, टोमॅटो आणि भरपूर कूट घालून. माझ्या नवऱ्यानं ती तीनदा वाढून घेतली आणि इतकी वर्षं आपण भोपळ्याची पानं फेकून का देतो, असा जाब मला विचारला.

आता निफाडचं. आम्ही एका नात्यातल्या लग्नाला त्या बाजूला निघालो होतो. चिकोंदीला लग्न बघायचं होतं, म्हणून माझी जांभळी साडी नेसून तीही गाडीत. त्या आठवड्यात टोमॅटोचे भाव कोसळले होते. रस्त्याच्या कडेला एक बाई क्रेटमागून क्रेट ओतत होती. लाल ढीग, वर माश्या. आम्हाला त्यात नवीन काही नव्हतं. चिकोंदी मात्र म्हणाली, "काका, गाडी थांबवा."

ती उतरली आणि ढिगापाशी जाऊन उभी राहिली. आम्ही काचेतून बघत होतो. त्या बाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय बघती गं बाई? घिऊन जा पायजे तं."

चिकोंदीला तेव्हा इतपत मराठी कळत होतं. तिनं ते आमंत्रण शब्दशः घेतलं. लग्नाचा आहेर मागच्या सीटवर आला आणि डिकी टोमॅटोंनी भरली. निघताना ती मला म्हणाली, "आमच्याकडेही रस्त्याच्या कडेला असेच ओततात. मला वाटायचं, आमच्याकडेच." लग्नात आमच्या अंगाला अत्तराऐवजी टोमॅटोचा वास येत होता.

ती बाई म्हणजे सुमनताई. चिकोंदी मलावीत बायकांच्या एका गटाबरोबर काम करायची. पालेभाज्या वाळवून ठेवायची त्यांच्याकडे जुनी पद्धत आहे, पण टोमॅटो नीट वाळत नाहीत, मधेच बुरशी धरते. साधा, गावातल्या गावात बांधता येईल असा उन्हावरच्या वाळवणयंत्राचा सांगाडा तयार करायचा आणि त्यात टोमॅटो किती वेळात, किती सुरक्षित वाळतो ते मोजायचं, हा तिनं प्रोजेक्टचा विषय घेतला. सांगाडा उभा राहिला सुमनताईंच्या शेतात. द्राक्षबागेतले जुने बांबू, तारा, वर पारदर्शक प्लास्टिक. सुट्टी मिळाली की ती बसनं निफाडला पळायची.

तिची मराठी तिथं तयार झाली, आणि माझी 'ताई'ही तिथंच झाली. कॉलेजातल्या सरांशी ती इंग्रजीत बोलायची आणि आमच्याशी एकदम, "ताई, आज लय ऊन व्हतं, माल झ्याक वाळला." मी शाळेत मुलांचं 'व्हतं' खोडून 'होतं' करणारी बाई. तिचं मात्र मी कधी खोडलं नाही.

दुसऱ्या वर्षी, हंगाम अगदी भरात असताना, एका दुपारी गारा पडल्या. नाशिकच्या पत्र्यांवरही ताशा वाजला. चिकोंदी वरून धावत खाली आली आणि सुमनताईंना फोन लावला. पलीकडून पावसाच्या आवाजात एवढंच ऐकू आलं, "समदं बसलं गं. तू नको येऊ आत्ता."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याबरोबर गेलो. प्लास्टिकच्या चिंध्या झाल्या होत्या, बांबू आडवे, टोमॅटोची झाडं चिखलात. सुमनताई आणि चिकोंदी बांधावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. कोणी कोणाचं सांत्वन करत नव्हतं. थोड्या वेळानं सुमनताई उठल्या आणि म्हणाल्या, "च्या ठिवते." मग चिकोंदी उठली आणि चिखलातून तारा गोळा करायला लागली.

प्रोजेक्टचं निम्मं काम बाकी होतं आणि त्यासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबणं भाग होतं. अभ्यासक्रम संपत होता जूनमध्ये, व्हिसाही तेव्हाच. टोमॅटो येणार पावसाळा सरता सरता. तिच्या सरांनी तोडगा काढला. माणूस वाईट नव्हता, विद्यार्थी वेळेत पास होऊन घरी जावा अशीच त्यांची इच्छा. ते म्हणाले, "मागच्या वर्षीच्या आकड्यांवरून पुढचे अंदाजानं भर. कोणी बघत नाही. जूनमध्ये डिग्री घे आणि मुलाकडे जा."

हे तिनं मला जिन्यात बसून सांगितलं. मी म्हटलं, "मग?"

"मग काय ताई. यामिकानीला मी सांगितलंय की सप्टेंबरात तू शाळेत जाशील तेव्हा मी तुझा हात धरून येईन. आणि गावातल्या बायकांना सांगितलंय की मी शिकून येईन आणि सांगेन, टमाटा किती वाळला म्हंजी खाल्ला तर पोरं आजारी नाय पडणार. दोन्ही सांगितलंय."

त्या रात्री ती जेवायला खाली आली नाही. मी तिच्या जागी असते तर आकडे भरून मोकळी झाले असते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दोन दिवसांनी ती सरांच्या केबिनमध्ये गेली, मुद्दाम मला बरोबर घेऊन. हातात दोन काचेच्या बरण्या, दोन्हींत वाळलेले टोमॅटो. आधी सरांची, त्यांच्या पत्नीची, नुकत्याच ऑपरेशन झालेल्या सासऱ्यांची चौकशी झाली. मग तिनं बरण्या टेबलावर ठेवल्या.

"सर, यातली एक गारांच्या आधीची. दुसरी भिजलेली, नंतर पुन्हा वाळवलेली. चांगली कोणती?"

सरांनी झाकणं उघडून वास घेतला, उजेडात धरून बघितलं. "सारख्याच दिसतात."

"मलाही सारख्याच दिसतात, सर. म्हणून तर मोजायचं आहे. मी अंदाजानं लिहिलं तर गावात कोणीतरी या दुसऱ्या बरणीतलं आपल्या मुलाला देईल."

सरांनी दोन्ही झाकणं पुन्हा घट्ट लावली. मग म्हणाले, "तुला कळतंय ना, मुदतवाढ म्हणजे विद्यापीठाला विचारावं लागेल. मग व्हिसा. तो मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर डिग्रीही नाही आणि हंगामही नाही."

"कळतंय, सर."

"मधे घरी जाऊन ये म्हणावं, तर नवा व्हिसा मिळेपर्यंत टोमॅटो संपतील."

"तेही कळतंय."

सरांनी बेल दाबली आणि चहा मागवला. आमच्या तिघांसाठी. मला तेव्हा वाटलं, आता होईल.

विद्यापीठाची परवानगी मिळाल्यावर तिनं मुलाला सांगितलं. व्हिडिओ कॉल आमच्या स्वयंपाकघरातून लावला, कारण वरच्या खोलीत नेटवर्क डळमळीत. मी कणीक मळत होते. त्यांची भाषा मला येत नाही, पण मुलाचा चेहरा दिसत होता. तो आधी हसत होता. मग हसायचा थांबला. मग पडद्यावरून गायब झाला आणि नवीन दप्तर घेऊन परत आला. ते पाठीला अडकवून, गोल फिरून त्यानं तिला दाखवलं. मग काहीतरी विचारलं. चिकोंदी मोठ्यानं हसली.

कॉल संपल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, टमाट्यांना कोणी सांगत का नाही लवकर पिकायला." अजूनही ती हसत होती. मग सिंककडे वळून तिनं माझी भांडी घासायला घेतली. सगळी घासून झाली तरी नळ बंद केला नाही. मीही कणकेतून वर बघितलं नाही.

व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन भरला. काही दिवसांनी परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या पोलिसांच्या ऑफिसातून बोलावणं आलं, आणि घरमालक म्हणून मी बरोबर गेले. टेबलापलीकडे पन्नाशीचे एक साहेब, समोर संगणक, चेहऱ्यावर दुपारचा कंटाळा.

चिकोंदीनं दोन्ही हात जोडले. "नमस्कार साहेब. तुम्ही कसे आहात?"

साहेबांनी संगणकातून मान वर केली. त्या खुर्चीवर बसल्यापासून हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "बरा आहे," ते सावधपणे म्हणाले.

"घरचे?"

"तेही बरे आहेत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"कोर्स दोन वर्षांचा होता ना?" ते म्हणाले. "मग आता मुदतवाढ कशाला?"

"गारा पडल्या साहेब."

"काय?"

"गारा. निफाडकडं. लय मोठ्या." तिनं अंगठा आणि तर्जनी जुळवून आकार दाखवला. "समदा माल गेला."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "आमच्या सटाण्याकडेही पडल्या होत्या," ते म्हणाले. "भावाची डाळिंबाची बाग आहे. सडा पडला होता खाली." पाचेक मिनिटं दोघं गारांवर बोलत होते, आणि मला वाटलं, झालं काम. पण साहेबांनी कॉलेजचं पत्र वाचलं आणि पुन्हा सरळ बसले.

"यात फक्त ही आमची विद्यार्थिनी आहे एवढंच लिहिलंय. अभ्यासक्रम का लांबला आणि आता कधी संपणार, हे कॉलेजनं स्पष्ट लिहायला हवं. हे चालायचं नाही. गारा मला पटल्या, पण माझ्या पटण्यावर व्हिसा मिळत नाही. वर दाखवायला कागद लागतो."

चिकोंदीचा चेहरा उतरला. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. बाहेर आल्यावर तिनं तिथूनच सरांना फोन लावला, आणि त्या एका वेळी तिनं कोणाची चौकशी केली नाही. सरळ कामाचंच बोलली. सरांनाही ते जाणवलं असणार, कारण संध्याकाळी ते स्वतः नवीन पत्र घेऊन आमच्या दारात उभे होते. त्यात गारा होत्या, हंगाम होता, नवी तारीख होती.

नवीन पत्र अर्जाला जोडलं. नंतर नुसती वाट. व्हिसावरची तारीख आली आणि गेली. अर्ज विचारात असेपर्यंत राहता येतं, असं साहेबांनी सांगितलं होतं, तरी ती भाजीला जातानाही अर्जाची पावती जवळ ठेवायची. जोरात हसणारी पोरगी, जिन्यात पाऊल न वाजवता चालायला लागली. माझा नवरा दारावरची बेल वाजली की तिच्याआधी दचकायचा. सुमनताई मात्र फोनवर सांगायच्या, "म्या रोपं लावली बघ. तुझ्या वाटची बी लावली."

मुदतवाढीचा ईमेल आला तेव्हा आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. खरं तर पाऊस कधीही येईल असे दिवस, कुरडयांचा हंगाम कधीच सरलेला, पण तिला शिकायच्या होत्या. तिचा फोन माझ्याजवळ होता. मी वाचलं आणि तिच्यापुढे धरला. तिचे हात चिकानं भरलेले. तिनं ते ओढणीला पुसले, गुडघ्यात वाकली आणि फोन दोन्ही हातांनी घेतला. मग वाचून झाल्यावर खालीच बसली, कुरडयांवर. त्या दिवशीच्या निम्म्या कुरडया सपाट झाल्या आणि आम्ही त्या तशाच तळून खाल्ल्या.

त्या वर्षीचा हंगाम चांगला गेला. नवा सांगाडा सुमनताईंनी द्राक्षाच्या तारांनी असा आवळून बांधला की तो हलवायला ट्रॅक्टर लागला असता. सर पहिल्यांदाच शेतावर आले, बूट चिखलात रुतवून घेतले आणि दिवसभर वजनं करत बसले. यामिकानी आजीचा हात धरून शाळेत गेला. तो फोटो चिकोंदीनं सांगाड्याच्या बांबूला टाचणीनं लावला होता, प्लास्टिकच्या आतल्या बाजूनं, म्हणजे दव लागणार नाही. बुरशी कुठल्या टप्प्यावर धरते ते तिला सापडलं. ती धरू नये म्हणून वाळवणाचा वेळ किती वाढवायचा, तेही. सुमनताईंच्या गल्लीतल्या चार बायका आता भाव पडला की टोमॅटो वाळवतात.

ती गेली त्या सकाळी आमच्या दाराशी बरीच माणसं जमली होती. भाजीवाली, दूधवाला, सर, पहाटेच्या बसनं आलेल्या सुमनताई. मुंबईच्या विमानतळापर्यंत गाडी ठरवली होती. सामान चढलं. चिकोंदी जीन्स आणि स्वेटर घालून खाली आली, सगळ्यांना भेटली, गाडीपर्यंत गेली आणि एकदम थांबली. हातातल्या पिशवीतून तिनं एक कापड काढलं. निळं, त्यावर पिवळे मोठे पक्षी, त्यांच्याकडच्या बायका कमरेभोवती गुंडाळतात तसलं.

"घरून निघाले तेव्हा हेच नेसले होते," ती मला म्हणाली. "अडीच वर्षं झाली, ताई. फोनवर नुसता चेहरा दिसतो. हे बघून तरी यामिकानी मला वळखंल."

रस्त्यातच, जीन्सवरून तिनं ते गुंडाळलं. एक टोक खाली लोंबत होतं. सुमनताई खाली बसल्या आणि त्यांनी काठ दोन्ही बाजूंनी सारखा ओढून दिला. मग चिकोंदी गाडीत बसली, दार लागलं आणि गाडी निघाली.

कोपऱ्यापर्यंत गेली तेव्हा आम्हाला दिसलं, दारात निळ्या कापडाचं टोक अडकून बाहेर फडफडतंय. दूधवाला हात हलवत मागे धावला. गाडी वळणावर थांबली. दार थोडंसं उघडलं, आतून एक हात आला, त्यानं कापड हळूच आत ओढून घेतलं, आणि दार पुन्हा लागलं.